जुन्या जीपगाडींतील पाण्याची गळती



पावसाळा तोंडावर आला म्हणजे गृहस्थ घराची गळकी बाजू पाहून घेतो, पन्हळी साफ करवितो. परंतु अंगणांत उभ्या असलेल्या जुन्या जीपकडे त्याचें लक्ष जात नाहीं. जीप ही भिजायचीच, असा आपला सर्वसाधारण समज आहे. तो अर्धा खरा आहे. उरलेल्या अर्ध्याविषयीं आज मी बोलणार आहें.

जीपचा जन्म युद्धांतला. 1941 ते 1945 या काळांत अमेरिकेंत विलीस व फोर्ड या दोन कारखान्यांनीं मिळून 6 लाखांहून अधिक जीपगाड्या बनविल्या. त्या गाडीला लोखंडी दारें नव्हतीं; वर कापडी टप, आणि पुढची काच बिजागरीवर फिरवून बॉनेटवर आडवी टाकतां येई. पाणी आंत येणारच हें गृहीत धरून तळाला निचऱ्याचीं छिद्रें ठेविलेलीं होतीं. त्याच घराण्याच्या गाड्या 1947 पासून मुंबईस जोडल्या जाऊं लागल्या, आणि त्यांचा मूळ आराखडा आपल्याकडे पुढें कित्येक दशकें टिकला. हळूहळू तिला दारें आलीं, छप्पर आलें, पायांखालीं जाड रबरी चटई आली. सांगाडा उघड्या गाडीचा आणि पेहराव बंद गाडीचा, असा हा प्रकार झाला. उघड्या गाडींत शिरलेलें पाणी वाहून जातें व ऊन-वाऱ्यानें वाळतें. चटईखालीं शिरलेलें तेथेंच मुक्काम करतें.

मी शाळेंतून निवृत्त झालों त्या वर्षीं अशीच एक वापरलेली जीप घेतली. पहिल्याच पावसाळ्यांत पायांशीं पाणी दिसलें. चटई उचलली तों तळाला छिद्रें! रस्त्यावरचें पाणी येथूनच वर उडत असावें असा निष्कर्ष काढून मी तीं डांबरानें बुजवून टाकलीं. एखाद्या विद्यार्थ्यानें असला तर्क केला असता तर मी त्याला बाकावर उभें केलें असतें. त्याच श्रावणांत रत्नागिरीहून कोल्हापुरास येतांना आंबा घाटांत, रात्रीं, भर पावसांत गाडीचे पुढचे दोन्ही दिवे एकाएकीं गेले. एका अंगाला दरी, दुसऱ्या अंगाला कडा. अंदाजानें गाडी कड्याकडे घेऊन थांबविली. मागून येणाऱ्या वाहनाला आम्ही दिसावें म्हणून आमचें कुटुंब हातांत विजेरी घेऊन पावसांत उभें राहिलें, आणि मी डॅशबोर्डखालीं हात घातला, तों फ्यूजच्या पेटींतून पाणी ठिबकत होतें.

"अहो, वर छप्पर तर कोरडें आहे, मग हें आलें कोठून?" असें तिनें विचारलें. प्रश्न अगदीं योग्य होता. उत्तर मला त्या रात्रीं देतां आलें नाहीं.

पाणी जेथें ठिबकतें तेथेंच तें शिरलेलें असतें असें नाहीं. थेंब पत्र्याला किंवा तारेला चिकटून उताराच्या दिशेनें सरकत जातो, आणि जेथें उतार संपतो किंवा कड लागते तेथें सुटतो. आमच्या गाडींत पुढच्या काचेच्या चौकटीखालचें रबर आकसलेलें होतें. तेथून शिरलेलें पाणी डॅशबोर्डमागून तारांच्या जुडग्यावर उतरे, आणि तारा वरून सरळ पेटींत जात असल्यामुळें तेंही त्यांच्याबरोबर पेटींत जाई. उरलेलें पायांशीं सांचे. आणि छिद्रें मीच बुजविल्यामुळें तेथेंच राही. पुढें मिस्त्रीनें तळाच्या पत्र्यावर स्क्रूड्रायव्हर टेकविला तो सरळ आरपार गेला. ज्यावर माझे पाय टेकलेले असत तो पत्रा म्हणजे गंजाचा पापड झाला होता. मूळ लष्करी जीपांत तर तळाखालच्या पोकळ पट्ट्यांत लांकूड बसविलेलें असे. तें ओल धरून ठेवी, आणि तेथूनच तळ कुजत जाई.

गळतीचा शोध घाईनें लागत नाहीं. प्रथम चटया काढून गाडी पूर्ण वाळवावी व तळावर वर्तमानपत्राचे कागद पसरावे. संशयाच्या जागीं आंतून खडूची पूड लावावी. मग एकानें विजेरी घेऊन आंत बसावें आणि दुसऱ्यानें बाहेरून नळीनें पाणी सोडावें. धार बेताची, आणि आरंभ खालून. तळ, मग दारांच्या कडा, मग काचेचें बूड, शेवटीं छप्पर. प्रत्येक ठिकाणीं पांच-दहा मिनिटें थांबावें. आरंभींच छपरावर पाणी ओतलें तर तें सर्व सांध्यांवरून ओघळतें आणि दोष कोणत्या सांध्याचा हें कळत नाहीं. पाणी शिरलें कीं पुडींत त्याची वाट रेघेसारखी उमटते. दाराच्या रबराची परीक्षा याहून सोपी. रबरावर खडू घासून दार लावावें व उघडावें. चौकटीवर जेथें खडू उमटला नाहीं तेथें फट आहे. खडूशीं माझें नातें जुनें असल्यामुळें ही युक्ति मला विशेष आवडते.

नळींत मिळणारें सिलिकोन दिसेल त्या फटींत भरण्याचा मोह फार होतो. त्याच्या ज्या जातीला व्हिनेगरसारखा वास येतो तिच्यांतून वाळतांना आम्ल सुटतें, आणि तें उघड्या लोखंडाला गंज चढवितें. शिवाय वरवरच्या लेपानें गळती थांबण्याऐवजीं पुष्कळदां नुसती वाट बदलते. काचेची चौकट उतरवून खालचा गंज खरवडावा, रंग द्यावा, आणि मग नवें रबर बसवावें. खडबडीत कडेवर नवें रबरही नीट टेकत नाहीं. तारांचा उपाय मात्र बिनखर्चाचा आहे. पेटींत शिरण्यापूर्वीं तारांना पेटीच्या खालपर्यंत झोळ द्यावा, म्हणजे थेंब झोळाच्या तळाशींच गळून पडतो.

टप सुती कापडाचा असेल तर त्याचे दोरे भिजून फुगतात व शिवणीचीं भोकें आपोआप मिटतात. म्हणून नवा टप पहिल्या पावसांत गळला तरी घाबरूं नये. पुढेंही गळत राहिला तर वाळल्यावर शिवणीवर मेण घासावें. साबणानें मात्र धुऊं नये. भिजलेल्या टपाला आंतून बोट लावलें कीं तेथें थेंब धरतो, हें मुलांना सांगूं नये. सांगितलें कीं तीं हटकून लावतात.

ओढा ओलांडणाऱ्यांनीं आणखी एक गोष्ट पाहावी. तापलेला आंस थंड पाण्यांत बुडाला कीं त्याच्या आंतली हवा आकसते, आणि हवेची बारीक नळी तुंबलेली असेल तर सीलमधून पाणी आंत ओढलें जातें. दुसऱ्या दिवशीं तेथील ऑइल दुधाच्या चहासारखें दिसलें तर तें बदलल्यावांचून गाडी चालवूं नये.

तळाचीं छिद्रें मी नव्या पत्र्यांत पुन्हां ठेवून घेतलीं आहेत. त्यांना रबरी बुचें आहेत. तीं ओढ्यापुरतीं लावावयाचीं व पलीकडे गेल्यावर काढावयाचीं. पावसाळ्यांत दर रविवारीं त्या छिद्रांतून मी तार फिरवितों. मागच्या बाकावरची एक गळती अद्याप सांपडलेली नाहीं. पाऊस मागून येत असला म्हणजेच ती सुरू होते, आणि तिच्यासाठीं खडूची पूड यंदा आधींच कुटून ठेविली आहे.