मूळव्याधच कशावरून?

मी नगरचा, नोकरीला पुण्यात. आमच्याकडे संडासवाटे रक्त गेलं, की घरचं निदान ठरलेलं, ‘मूळव्याध असेल!’ मग काढे, मलमं आणि अळीमिळी गुपचिळी.

पण बॉस, मोठ्या आतड्याचा कॅन्सरही असाच सुरू होऊ शकतो. रक्त, शौचाची बदललेली सवय, उगाच घटलेलं वजन, ॲनिमिया... ही लक्षणं टिकली तर डॉक्टर गाठायचा. ‘आपलं वय काय!’ म्हणू नका. ‘ब्लॅक पँथर’ चॅडविक बोसमन 2020 मध्ये याच आजाराने गेला, अवघ्या 43व्या वर्षी.

दिलासा असा, की आतड्यातल्या छोट्या गाठीचा, म्हणजे पॉलिपचा, कॅन्सर व्हायला बहुधा दहाएक वर्षं लागतात. कोलोनोस्कोपीत ती दिसली, तर बहुतेक वेळा तिथेच काढता येते. कॅन्सर निघालाच, तर ऑपरेशन, गरजेनुसार केमो. गुदाशयाचा असेल तर अनेकदा रेडिएशनही. काहींना पोटावर पिशवी लावावी लागते, बऱ्याचदा तात्पुरती. ती लावून लोक ऑफिसही करतात!

पहिल्या तपासणीसाठी मुंबईच गाठायला हवी असं नाही. नगर जिल्ह्यातच, लोणीला, 1984 पासून मेडिकल कॉलेज आहे. खर्चाची धास्ती असेल, तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेची चौकशी करा.

रविवारी आईबाबांना बीपी-शुगर विचारता ना? मग हेही विचारा. लाज थोडा वेळ वाटेल, उशीर मात्र महागात पडेल.