एक लाख कोटीत पंधरा

सूर्य ज्या मिश्रणातून घडला, त्यातले एक लाख कोटी हायड्रोजन अणू मोजले तर लोखंडाचे निघतील सुमारे 3 कोटी, मँगनीजचे पावणेतीन लाख आणि पाऱ्याचे जेमतेम पंधरा.

हाच हिशेब कृत्तिकेतल्या निळ्या, तप्त ताऱ्यांसाठी मांडायचा तर अंतर साधारण 440 प्रकाशवर्षांचे. आज दिसणारा त्यांचा प्रकाश निघाला तेव्हा शिवरायांचा जन्म व्हायचा होता. कृत्तिका म्हणजे हजाराहून अधिक ताऱ्यांचा खुला गुच्छ, सगळे एकाच मेघातून जन्मलेले. वय 11-12 कोटी वर्षे. सह्याद्रीचा काळा कातळच साडेसहा कोटींचा आहे! सूर्याच्या 460 कोटींपुढे ही तर पोरेटोरे.

प्रत्येक मूलद्रव्य वर्णपटात ठरावीक तरंगलांबीवर काळी रेघ सोडते आणि तिच्या खोलीवरून अणूंची संख्या काढतात. पण हे तरुण तारे भिंगरीसारखे फिरतात. सूर्याच्या विषुववृत्ताचा वेग सेकंदाला 2 किमी, कृत्तिकेतल्या अल्सायनी या ताऱ्याचा सुमारे 150. तिची एक कड आपल्याकडे धावते, दुसरी दूर पळते, आणि 448 नॅनोमीटरवरची मॅग्नेशियमची रेघ जवळपास अर्धा नॅनोमीटर फाकते. तिच्या गुच्छातल्याच प्लायोनीचा वेग तर 300 च्या वर. तिथे नाजूक रेघा एकमेकींत विरघळून जातात, मग मोजणार काय?

म्हणून माइया लाखमोलाची. कृत्तिकेतच असून ती निवांत, एका फेरीला सुमारे दहा दिवस घेणारी. तिच्या रेघा स्वच्छ वाचता येतात. केप्लर दुर्बिणीच्या नोंदींवर आधारलेल्या 2017 च्या अभ्यासात तिच्या अंगावर मँगनीजचा भलामोठा डाग आढळला. ती पारा-मँगनीज ताऱ्यांच्या जातीची आहे. या जातीत पारा कधी कधी लाखपट भरतो, म्हणजे त्या पंधराचे पंधरा लाख होतात.

एवढा पारा आला कुठून? बाहेरून नाही. अशा तप्त, संथ ताऱ्याचे वातावरण ढवळले जात नाही. आतून येणारा प्रकाश काही अणूंना वर ढकलत राहतो आणि ते पृष्ठभागाशी साचतात. आपण वाचतो ती निव्वळ साय. माझ्या मते तप्त ताऱ्यांच्या आकड्यांबाबत हीच गोष्ट सर्वात सहज विसरली जाते.

मूळ मेघात काय होते, हे गुच्छातल्या सूर्यासारख्या, थंड ताऱ्यांना विचारावे लागते, कारण त्यांचे बाहेरचे थर ढवळले जातात आणि साय धरत नाही. त्यांच्यातले लोखंड सूर्याशी दहा टक्क्यांच्या आत जुळते.