हलका तारा आधी म्हातारा

दिवाळीच्या दिवसांत रात्री नऊ-दहाच्या सुमारास पूर्वेकडे कृत्तिकांचा पुंजका चांगला वर आलेला असतो. त्यातले ठळक निळसर तारे जेमतेम दहा-बारा कोटी वर्षांचे. ते पेटले तेव्हा पृथ्वीवर डायनोसॉर हिंडत होते. सूर्य ४६० कोटी वर्षांचा आहे, तरीही या ताऱ्यांचं त्याच्या कितीतरी आधी आटोपणार, कारण ते वजनदार आहेत.

इंधन जास्त म्हणजे आयुष्य जास्त, हा हिशेब आकाशात चालत नाही. ताऱ्याचं वस्तुमान वाढलं की वरच्या थरांचा भार वाढतो आणि तो पेलायला गाभा अधिक तापावा लागतो. तापलेल्या गाभ्यातून ऊर्जा भराभर बाहेर झिरपते. तेवढी भरून काढायची तर हायड्रोजनही तितक्याच वेगानं जळायला हवा. आर्थर एडिंग्टन यांनी वस्तुमान आणि तेजस्विता यांचं हे नातं १९२४ मध्ये मांडलं. गंमत अशी, की तारे नेमके कशावर जळतात हे तेव्हा कोणालाच धड माहीत नव्हतं. हान्स बेथ यांचं त्यावरचं उत्तर आलं १९३९ मध्ये.

व्याधाचं वस्तुमान सूर्याच्या दुप्पट, पण तेज सुमारे २५ पट. म्हणजे मिळकत दुप्पट आणि खर्च पंचवीसपट! सूर्याला हायड्रोजन साधारण १००० कोटी वर्षं पुरेल, व्याधाला १०० कोटींच्या आसपास. सूर्याच्या दहापट वस्तुमानाचा तारा दोन-तीन कोटी वर्षांतच गाभ्यातला हायड्रोजन संपवतो. उलट टोकाला आहे सूर्याचा सर्वांत जवळचा शेजारी, प्रॉक्सिमा सेंटॉरी. सूर्याच्या आठव्या हिश्श्याएवढा हा तांबडा बटू इतका काटकसरी, की तो लाखो कोटी वर्षं जळत राहील. विश्वाचंच वय १३८० कोटी वर्षं, तेव्हा असा एकही तारा अजून म्हातारपणानं मेलेला नाही.

हा नियम पक्का बसल्यावर ययाती तारकासमूहातल्या अल्गोलनं खगोलशास्त्रज्ञांना पेचात टाकलं.

अल्गोल दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी मंदावतो आणि काही तासांत पुन्हा उजळतो. हे वेळापत्रक इंग्लंडमधल्या यॉर्कच्या जॉन गुडरिक या बहिऱ्या तरुणानं नुसत्या डोळ्यांनी टिपून बसवलं आणि १७८३ मध्ये रॉयल सोसायटीला कळवलं. एखादी काळी वस्तू ताऱ्यासमोरून जात असावी, हा त्याचा एक तर्क होता. पुढे १८८९ मध्ये हेर्मान फोगेल यांनी वर्णपटावरून जोडीदार असल्याचं दाखवून दिलं. गुडरिक मात्र १७८६ मध्येच, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी, गेला होता.

जोडीतले दोन्ही तारे एकदमच जन्मलेले. त्यातला जड तारा, सूर्याच्या सव्वातीनपट, अजून ऐन उमेदीत हायड्रोजन जाळतोय. हलका, सूर्याच्या पाऊणपटीहूनही थोडा कमी, मात्र फुगून थोराड झालेला. नियमानं नेमकं उलटं हवं होतं. एवढ्या हलक्या ताऱ्याला म्हातारपण यायला विश्वाचं आजवरचं सगळं वयही पुरलं नसतं.

विसाव्या शतकाच्या मध्यात उलगडा झाला. आज हलका असलेला ताराच मुळात जड होता. नियमाप्रमाणे तोच आधी म्हातारा झाला आणि फुगला. फुगता फुगता त्याचे बाहेरचे थर जोडीदाराच्या गुरुत्वाकर्षणाच्या कक्षेत गेले आणि त्याच्याकडे ओढले गेले. धाकट्यानं थोरल्याचं बहुतेक धन घेतलं. म्हणजे वस्तुमान आयुष्य ठरवतं हे खरंच, पण आजचं वजन पाहून ताऱ्याचं भविष्य सांगायला जाल तर फसाल.

व्याधालाही जोडीदार आहे: सूर्याएवढं वस्तुमान पृथ्वीएवढ्या आकारात कोंबलेला श्वेत बटू. फ्रीडरिश बेसेल यांनी व्याधाच्या हेलकाव्यांवरून १८४४ मध्ये त्याचा अंदाज केला, तर १८६२ मध्ये अॅल्व्हन ग्रॅहम क्लार्क यांनी तो दुर्बिणीतून पाहिला. जन्मावेळी तो सूर्याच्या सुमारे पाचपट होता, म्हणूनच थोरला आधी संपला. त्याचं बहुतेक द्रव्य अवकाशात विखुरलं.

असाच गोंधळ गोलाकार तारकागुच्छांतही दिसतो. एम-३ या गुच्छात अॅलन सँडेज यांनी १९५३ मध्ये असे निळे तारे दाखवले, की एवढ्या जुन्या वस्तीत ते केव्हाच विझायला हवे होते. त्यांतल्या काहींनी जोडीदाराकडून द्रव्य घेतलं असावं, तर काही दोन ताऱ्यांच्या मिलनातून घडले असावेत. कोणता तारा कोणत्या वाटेनं आला, हे शोधणं अजून चालूच आहे.