डेअरीचे रजिस्टर मोबाइलवर : फायदा नेमका कुठे?

दूध ७२ अंश सेल्सिअसला १५ सेकंद तापले का, याची नोंद डेअरीत ठेवली जाते. एफएसएसएआयच्या २०११च्या नियमांनुसार अशा नोंदी एक वर्ष किंवा उत्पादन टिकण्याची मुदत, यांपैकी जास्त काळ जपायच्या. मग वहीऐवजी सॉफ्टवेअर कशाला?

कार्यपद्धती बदलली तरी मशीनवर जुनाच कागद चिकटलेला असतो. सॉफ्टवेअर नीट बसवले असेल तर मंजूर झालेली ताजी प्रतच उघडते. नोंद कोणी, कधी बदलली हेही उरते. ऑडिटच्या आदल्या रात्री एकाच पेनाने महिन्याचे रजिस्टर भरणे मग अवघड! पण प्लँटमध्ये टॅब नसेल, तर ऑपरेटर आकडे कागदावरच लिहितो आणि शिफ्टनंतर ऑफिसात कोणीतरी टाइप करतो. पासवर्डही सगळ्यांचा एकच. त्यापेक्षा सुरुवात एकाच विभागात, मराठी फॉर्मने केलेली बरी.