घारग्यांच्या घराण्यातला केक

बडोद्यात लाल भोपळा घ्यायला गेलं की नावांचा घोळ ठरलेला. गुजरातीत तो कोळुं, आणि आपल्या मराठीत कोहळा म्हणजे तो पांढरट, पेठ्याचा. खंडेराव मार्केटमध्ये मी कोळुं मागतो, पिशवीतून घरी येते ती भोपळ्याची फोड, आणि आजी तिला तांबडा भोपळा म्हणते. नावं तीन असली तरी घरातल्या पोरांचं त्याबद्दलचं मत एकच असतं: नको. भाजी असो, भरीत असो की सांबारातला तुकडा, सगळं ताटाच्या कडेला जाऊन बसतं. हाच भोपळा केकमधून आला की मात्र दुसरा तुकडा मागून घेतात.

पंपकिन केक तुम्ही मोबाइलवर पाहिला असेलच. ऑक्टोबर लागला की अमेरिकेत जिकडेतिकडे भोपळा, दालचिनी आणि जायफळ. तिकडे त्याला अर्थ आहे. भोपळा मूळचा अमेरिका खंडातलाच. १४९२ साली कोलंबस तिकडे पोचला, त्यानंतरच तो बाकीच्या जगात फिरायला निघाला. तिथे तो पानगळीच्या दिवसांत पिकून तयार होतो, मग हॅलोविनला कोरतात, थँक्सगिव्हिंगला त्याचा पाय करतात. आपल्याकडे लाल-पिवळ्या पानांचा देखावा कुठला! आपला शरद म्हणजे नवरात्र, दुपारचं चटका देणारं ऊन, रात्रीचा गरबा आणि शेवटी कोजागरी. त्या रात्री आमचे गुजराती शेजारी दूध-पौंआ चांदण्यात ठेवतात, आपण मसाला दूध आटवतो. म्हणजे ऋतू तोच, पण सण दुधाचा.

आमच्या घरी अडचण नेमकी तिथेच आली. ताई तीन वर्षांपूर्वी व्हीगन झाली. दूध, दही, तूप बंद, मधसुद्धा बंद. एरवी निभावून जायचं. वरणावर तूप नको म्हटलं की आई तेलाची फोडणी वेगळी काढायची, संपला विषय. पण कोजागरीला आमच्याकडे घरातल्या मोठ्या अपत्याचं औक्षण करतात. काही घरांत याला आश्विनी म्हणतात. ताई थोरली, त्यामुळे पाटावर ती, हातात तबक घेऊन आजी, आणि ओवाळून झालं की चंद्राला दाखवलेल्या दुधाचा पहिला पेला ताईला. गेल्या वर्षी ताई हळूच म्हणाली, "आजी, मी नाही गं घेत आता." आजी म्हणाली, "ओठ तरी लाव." ताईने ओठ लावले नाहीत. आजी काही बोलली नाही, पेला घेऊन आत गेली. पुढचे दोन दिवस ती ताईशी कामापुरतंच बोलत होती. ताई परत बंगळूरला गेली तेव्हा डब्यात लाडू नव्हते. बेसनाचे लाडू तुपाशिवाय कसे करायचे हे आजीला माहीत नव्हतं, आणि विचारायचं तिच्या मनात नव्हतं.

मला दोघींचंही पटत होतं. आजीच्या लेखी दूध नाकारणं म्हणजे तिचा हात झिडकारणं. ताईच्या लेखी तो म्हशीच्या पारडाच्या वाटणीचा प्रश्न आहे, त्यात आजी कुठे येतच नाही. वाद घालून यातलं काही सुटलं नसतं. मधल्या काळात सोयाबीनचं दूध आणून झालं. आजीने वास घेतला, "पांढरं पाणी" म्हणाली आणि भांडं परत केलं. खरं सांगायचं तर चवीला मलाही ते तसंच लागतं.

व्हीगन केकच्या बहुतेक पाककृतींचा मला कंटाळा येतो तोही यामुळेच. आधी लोणी-अंडी-दुधाचा केक घ्यायचा, मग एकेक वस्तू काढून तिच्या जागी महागडी पाकिटं भरायची. लोण्याऐवजी हे, अंड्याऐवजी ते. असा केक सतत कशाची तरी आठवण काढत असतो. त्यापेक्षा जिथे दूध-अंडी कधी नव्हतीच तिथून सुरुवात करावी. आपल्याकडे असे पदार्थ आहेत. भोपळ्याचे घारगे घ्या: किसलेला भोपळा, गूळ, कणीक, तेल. कोकण-गोव्यात तवशाचं धोंडस किंवा तवसळी करतात. त्यात मोठी काकडी, तांदळाचा रवा, गूळ, खोबरं, आणि जुन्या पद्धतीत वर-खाली निखारे ठेवून भाजणं. ओव्हन घरात येण्याआधीचा केकच तो. घारग्यांचं साहित्य आणि धोंडसाची रीत एकत्र केली की आपला केक तयार.

प्रमाण असं. साधारण ६०० ग्रॅमची भोपळ्याची फोड आणा, गडद केशरी गराची. साल-बिया काढून किसा आणि कढईत पाणी न घालता, झाकण न ठेवता परता. ही पायरी उरकून टाकू नका. भोपळ्यात ९० टक्क्यांहून जास्त पाणी असतं. उकडून घेतलात तर ते सगळं केकमध्ये येतं आणि केक मधोमध बसतो. कीस मऊ होऊन गोळा व्हायला लागला की उतरवा, गार करून मिक्सरमधून काढा. असा २५० ग्रॅम गर हवा.

१५० ग्रॅम गूळ ७५ मिली गरम पाण्यात विरघळवून गाळून घ्या. गाळायचं नक्की, गुळात काय निघेल सांगता येत नाही. पाणी गार झालं की त्यात ७५ मिली तेल, गर आणि मोठा चमचाभर लिंबाचा रस घाला. तेल बिनवासाचं घ्या. घाण्याचं सिंगतेल मला भाजीत फार आवडतं, केकमध्ये मात्र ते पुढे पुढे करतं. दुसऱ्या भांड्यात २०० ग्रॅम कणीक, एक छोटा चमचा बेकिंग पावडर, अर्धा छोटा चमचा खायचा सोडा, चिमूट मीठ, वेलची-जायफळ आणि अर्धा चमचा सुंठ एकत्र चाळा. दालचिनी घातलीत तर अमेरिकन वास येईल. वेलची-जायफळ घातलंत तर घर सणाचं वाटेल. मी दुसरं करतो.

ओव्हन १८० अंशांवर तापला की मगच ओलं आणि कोरडं एकत्र करा. लिंबू आणि सोडा भेटल्याक्षणी त्यांचा वायू सुटायला लागतो, केक फुगवणार तोच. मिश्रण ठेवून दिलंत तर तो भांड्यातच उडून जाईल. घोटायचंही नाही, कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबायचं, नाहीतर कणकेला चिवटपणा येतो. अंड्याचं बांधून ठेवायचं काम इथे भोपळ्याचा गरच करतो. सात इंची डब्याला तेल लावून (आजी सवयीने तुपाचा हात फिरवायला येते, लक्ष ठेवा) मिश्रण ओता, वर ४० ग्रॅम अक्रोड किंवा भोपळ्याच्या सोललेल्या बिया पेरा आणि ४० ते ४५ मिनिटं भाजा. ओव्हन नसेल तर कुकरच्या तळाला मीठ पसरून, शिटी आणि रबर काढून, मंद आचेवर ५० मिनिटं. सुरी कोरडी निघाली की झालं. रंग चॉकलेटसारखा गडद येतो. तो गूळ-सोड्याचा असतो, केक करपलेला नाही.

आता पौष्टिक म्हणावं का? म्हणावं, पण जपून. मैदा नाही, कणकेतला कोंडा पोटात जातो, भोपळ्याच्या केशरी रंगातलं बीटा कॅरोटीन शरीरात अ जीवनसत्त्व होतं, आणि ते अंगी लागायला लागणारी स्निग्धता तेलातून मिळते. पण गूळ म्हणजे साखरेचाच भाऊ. बारा तुकडे केले तर एका तुकड्यात साडेबारा ग्रॅम गूळ आणि साधारण १८० कॅलरी येतात. मधुमेह असलेल्या काकांना "गुळाचाच आहे, घ्या" म्हणून दोन तुकडे वाढू नका. व्हीगन म्हणजे आपोआप हलकं असंही नाही, तेलात तळलेले वेफर्सही व्हीगनच असतात.

या कोजागरीला ताई आली. आदल्या दिवशी मी भोपळा परतत असताना आजी ओट्याशी येऊन उभी राहिली. "घारगे करतोयस?" म्हणाली. मी म्हटलं, तसंच काहीसं. वेलची किती घालू ते तिलाच विचारलं, आणि मग जायफळ तिने स्वतः किसलं. रात्री गच्चीत औक्षण झालं. दूध आटलेलं होतं, चंद्राला दाखवून झालं होतं. आजीने पेला उचलला नाही. तिने केकचा तुकडा मोडला आणि ताईच्या तोंडाशी धरला. "गोडच द्यायचं असतं," एवढंच म्हणाली. उरलेला अर्धा तुकडा स्वतःच्या तोंडात टाकून म्हणाली, "हे तर घारगेच आहेत की रे, भाजलेले." ताई रडली, पण ती थोडक्यात रडते. बाकीच्यांनी नेहमीप्रमाणे मसाला दूध प्यायलं आणि पत्ते मांडले.

केक पूर्ण गार झाल्यावरच कापा, गरम असताना तो सुरीला चिकटतो. दुसऱ्या दिवशी मसाले मुरून जास्त चांगला लागतो. ऑक्टोबरच्या उकाड्यात बाहेर दोन दिवस ठीक, पुढे फ्रिजमध्ये घट्ट डब्यात पाच-सहा दिवस. मुलांच्या डब्याला, प्रवासाला उत्तम. ताई बंगळूरला जाताना अर्धा घेऊन गेली. उरलेल्या अर्ध्याचे तुकडे आजी तव्यावर गरम करून, वर साजूक तूप सोडून खात होती. हे ताईला अजून कोणी सांगितलेलं नाही, आता अंक वाचून कळेल.