अंथरूण कधी सोडायचे?

मणक्याच्या टीबीचे निदान झाले की घरात पहिला हुकूम सुटतो, ‘आता अजिबात हलायचे नाही’. जंतू रक्तावाटे मणक्यात शिरून त्याचा पुढचा भाग पोखरतात, तो खचला की पाठीला कुबड येते, आणि पू किंवा सरकलेले हाड मज्जारज्जूवर दाबले तर पायांतले बळ जाते. एवढे ऐकल्यावर कोणीही घाबरेल. पण भीतीपोटी सुरू झालेली विश्रांती महिनोन्‌महिने लांबते आणि जंतू मरत असताना रुग्णाचे स्नायूही वाळत जातात. म्हणूनच वर्षभराचा औषधांचा कोर्स संपेपर्यंत फिजिओथेरपी थांबवून ठेवू नये. ती पहिल्या आठवड्यापासूनच उपचाराचा भाग असावी.

औषधे नव्हती तेव्हा सॅनेटोरियममध्ये रुग्णाला प्लास्टरच्या साच्यात दीर्घकाळ निजवून ठेवत. औषधे आली तरी ही रीत टिकली. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने ती तपासून पाहिली. कोरियातल्या मासानमध्ये काही रुग्णांना सहा महिने रुग्णालयात झोपवून, तर काहींना हिंडते-फिरते ठेवून औषधे दिली. पुसानमध्ये काही मुलांना प्लास्टरचे जाकीट घातले, काहींना नाही. १९७३ साली निकाल छापून आले : झोपवण्याने किंवा जाकिटाने जास्तीचा फायदा झाला नव्हता. आपल्याकडे वाराणसीच्या डॉ. एस. एम. तुली यांनी १९७५ साली मांडलेल्या मध्यममार्गात आधी विश्रांती आहे, पण दुखणे सोसवेल इतके कमी होताच पट्टा बांधून उठवायचे आणि काही आठवड्यांतच पाठ मागे ताणण्याचे व्यायाम दिवसातून तीन-चारदा, पाच-दहा मिनिटे करायचे, असे त्यात सांगितले आहे. व्यायाम मागे ताणण्याचेच, कारण पुढे वाकले की पोखरलेल्या बाजूवरच भार येतो.

यावर रास्त आक्षेप असा, की कोरियातले रुग्ण चालू शकणारे होते. ज्याचे पायच लुळे पडले त्याचे काय? शिवाय मणका डळमळीत असेल तर हालचाल घातक ठरेल. हे खरेच आहे. मणका स्थिर आहे की ऑपरेशन लागेल, हे एमआरआय पाहून डॉक्टरांनीच ठरवायचे, आणि तोवर बसवण्याचीही घाई नको. पण लुळ्या रुग्णाला तर फिजिओथेरपीची गरज अधिक. पाठ सरळ रेषेत ठेवून साधारण दर दोन तासांनी कूस बदलली नाही, तर संवेदना गेलेल्या कातडीला जखमा होतात. घोटा आणि गुडघा कोणी हलवला नाही, तर सांधे आखडतात आणि पुढे मज्जारज्जूवरचा दाब हटला तरी पाऊल जमिनीवर सपाट टेकत नाही. छातीचे मणके धरले असतील तर दीर्घ श्वासाचे व्यायामही हवेत. मग स्थिरता आल्यावर टिल्ट टेबल, समांतर दांडे, वॉकर. (पाठ चोळून ‘मणका बसवून’ देणाऱ्यांना मात्र दारातूनच परत पाठवावे, खचलेल्या हाडावर झटका म्हणजे अपंगत्वाला आमंत्रण.)

दुसरी अडचण पैशांची आणि अंतराची. टीबीच्या गोळ्या गावाजवळच्या सरकारी केंद्रात फुकट मिळतात. फिजिओथेरपिस्ट मात्र बहुधा तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी. पण रोजच्या कामातले पुष्कळसे घरच्यांना शिकता येते. त्यामुळे रुग्णालयातून सुटी घेण्याआधी कूस कशी बदलायची, पट्टा किती तास बांधायचा, कोणती हालचाल वर्ज्य, आणि पायांतले बळ कमी झाले किंवा लघवी अडली तर त्याच दिवशी कोणाकडे जायचे, हे डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांच्या यादीखालीच लिहून घ्यावे.