कंबर कडाडली म्हणजे बरी झाली का?



गळीत हंगाम सुरू झाला की आमच्याकडे विचारणा होते ती ऊसनोंदीची, तोडणीच्या तारखेची आणि पहिल्या हप्त्याची. यंदा मात्र गट ऑफिसात, वजनकाट्यावर आणि रांगेत थांबलेल्या ट्रॅक्टरवाल्यांत एक निराळाच विषय निघतो आहे. कंबरेवर हात ठेवून मंडळी मोबाईलवरची चित्रफीत दाखवतात. तीत एकजण पालथ्या पडलेल्या रोग्याच्या पाठीला झटका देतो, कडाड् आवाज होतो आणि रोगी हसत उठतो. "साहेब, हे खरं का? आपण करून घ्यावं का?" असे प्रश्न आले. त्यांतले वारंवार येणारे प्रश्न आम्ही येथे घेतले आहेत.

प्रश्न : हा उपचार आहे तरी काय?

याला कायरोप्रॅक्टिक म्हणतात. ग्रीक शब्दांवरून आलेल्या या नावाचा अर्थ हाताने केलेला उपचार. अमेरिकेतील आयोवा राज्यात डॅव्हनपोर्ट गावी १८९५ साली डी. डी. पामर यांनी तो सुरू केला. पामर हे डॉक्टर नव्हते. त्यांनी किराणा दुकान चालवले होते आणि पुढे ते चुंबकीय उपचार करीत. हार्वे लिलार्ड नावाच्या, कानाने कमी ऐकणाऱ्या कामगाराच्या पाठीचा मणका दाबून आपण त्याला ऐकू आणवले, असे त्यांनी सांगितले. मणका जागचा हलल्यामुळेच बहुतेक रोग होतात, असे त्यांचे मत होते. हे मत पुढे शास्त्राच्या कसोटीला उतरले नाही. पण कंबर व पाठ यांवर हाताने करायचा उपचार म्हणून ही पद्धत टिकली. अमेरिकेत तिचे रीतसर शिक्षण मिळते. तेथील लुइझियाना या शेवटच्या राज्याने १९७४ साली तिला परवान्याची मान्यता दिली.

आपल्याला ही कल्पना नवी नाही. उसण भरली की पायाळू माणसाकडून कंबरेवर लाथ मारून घ्यायची, ही आपल्याकडची जुनी समजूत. हाडवैद्याकडे जाऊन अंग मोडून घेणारेही पुष्कळ आहेत.

प्रश्न : तो कडाड् आवाज होतो, तेव्हा सरकलेलं हाड जागेवर बसतं ना?

नाही. बोटे मोडताना जो आवाज होतो, त्याच जातीचा हा आवाज. सांध्यात वंगणासारखा द्रव असतो. सांधा एकदम ताणला की आतला दाब कमी होतो, द्रवात वायूची पोकळी तयार होते आणि आवाज येतो. आवाज आला म्हणून गुण आला असे नाही, आणि नाही आला म्हणून उपचार फुकट गेला असेही नाही. मणका असा सहजासहजी जागचा हलतही नाही. चांगल्या स्नायूंनी आणि बंधांनी तो घट्ट बांधलेला असतो.

प्रश्न : मग गुण येतो तो कसा?

साध्या कंबरदुखीत काहींना आराम पडतो, ही गोष्ट खरी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत व्यायाम आणि रोग्याला नीट समजावून सांगणे यांबरोबर हाताने मणक्यावर करायचे उपचार आणि मालीश यांनाही जागा दिली आहे. मात्र फायदा माफक असतो. व्यायामापेक्षा तो फार सरस ठरतो असे दिसलेले नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. साधी उसण बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते. तेव्हा शेवटी ज्याने हात लावला, त्याला यश मिळते!

दमा, मधुमेह, रक्तदाब किंवा बहिरेपण मणका मोडून बरे करतो, असे कोणी म्हणाले तर तेथून सरळ उठावे. चालू गोळ्या तर मुळीच बंद करू नयेत.

प्रश्न : करून पाहिलं तर बिघडतं काय?

खरा मुद्दा येथे आहे. आपल्याच एका सभासदाची हकीकत सांगतो, नाव सांगत नाही. चार महिने त्यांची पाठ दुखत होती. रात्रीचे दुखणे जास्त. अंगात बारीक ताप, वजन उतरत चाललेले. बाजाराच्या गावी एकाने दोनदा पाठ मोडून दिली. पहिल्यांदा दोन दिवस बरे वाटले. दुसऱ्यांदा घरी आल्यावर पायांतला जोर कमी झाला. पुढे सरकारी दवाखान्यात तपासणी झाली, तेव्हा मणक्याचा क्षय निघाला. क्षयाने पोखरलेल्या मणक्यावर झटके दिले गेले होते. औषधांनी ते आज चालतात, पण त्यांचा एक हंगाम गेला. वेळ लागला असता तर पायही गेले असते. मोडणाऱ्याने ताप आहे का, वजन घटले का, एवढे दोन प्रश्न विचारले असते तरी हे टळले असते.

म्हणून पुढीलपैकी एकही लक्षण असेल तर कोणालाही पाठ मोडू देऊ नये, आधी डॉक्टरांकडे जावे :

१) ताप, रात्रीचा घाम, वजन घटणे, किंवा पडून राहिले तरी न थांबणारे रात्रीचे दुखणे.
२) पूर्वी क्षय किंवा कर्करोग झालेला असणे.
३) झाडावरून, ट्रॉलीवरून किंवा विहिरीत पडल्यानंतर सुरू झालेले दुखणे.
४) उतारवयात हाडे ठिसूळ झालेली असणे, किंवा बरेच दिवस स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असणे.
५) पायातला जोर कमी होणे.
६) लघवी अडणे, किंवा लघवी-संडासावरचा ताबा जाणे, बैठकीची जागा बधिर होणे. यात एक दिवसही थांबू नये, त्याच रात्री मोठ्या दवाखान्यात जावे.

मानेबद्दल वेगळे सांगतो. मानेतून मेंदूकडे रक्तवाहिन्या जातात. मानेला झटका दिल्यावर त्या आतून फाटून लकवा झाल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. असे क्वचितच होते, पण झाले तर माणूस आयुष्यभराचा अधू होतो. दाढी झाल्यावर खुर्चीत बसल्या बसल्या मान मोडून घेण्याची सवयही सोडावी.

प्रश्न : माझ्या मणक्यात 'गॅप' निघालीय. आता ऊस बंद करू का?

घाबरून जाऊ नये. वय वाढेल तसे केस पिकतात, तशा मणक्यांमधल्या चकत्याही झिजतात. कंबर मुळीच दुखत नाही अशा कित्येकांच्या फोटोतही ही झीज दिसते. फोटोपेक्षा पायातला जोर आणि चालणे-फिरणे कसे आहे, हे डॉक्टर पाहतात. चकती सरकून पायात कळ येणाऱ्यांतही बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही.

प्रश्न : मग जावं कोणाकडे?

आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे. ते सांगतील त्याप्रमाणे हाडांचे डॉक्टर किंवा पदवीधर फिजिओथेरपिस्ट. आपल्या देशात फिजिओथेरपीला कायद्याची चौकट आहे. कायरोप्रॅक्टिकसाठी तशी वेगळी परिषद नाही, त्यामुळे नुसती पाटी पाहून विश्वास ठेवू नये. शिक्षण कोठे झाले ते विचारावे. विचारायला लाजू नये. बेणे घेताना आपण जात आणि प्लॉट विचारतोच की! जो आधी तपासतो, प्रश्न विचारतो आणि 'हे माझं काम नाही' असे सांगून पुढे पाठवतो, तो भला. क्षय निघालाच तर त्याची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

प्रश्न : पट्टा बांधून पडून राहिलं तर?

एखाद-दुसरा दिवस विश्रांती ठीक. त्यापुढे पडून राहिल्याने कंबर आणखी आखडते. जुनाट दुखण्यात पट्टा आणि वजन लावून ओढ देणे, हे दोन्ही नेहमीचे उपचार म्हणून वापरू नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे आहे. सोसेल तसे हिंडावे-फिरावे. २०२४ साली ऑस्ट्रेलियातील एका अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात ज्यांना चालण्याचा कार्यक्रम आखून दिला, त्यांची कंबर पुन्हा दुखायला साधारण २०८ दिवस लागले, इतरांची ११२ दिवसांतच दुखली. पूर्वी आपण मळ्यात पायी जात होतो. आता बांधापर्यंत मोटरसायकल जाते. यावर ज्याने त्याने विचार करावा.

रोजच्या कामातही थोडे पाळावे. पोते उचलताना गुडघ्यात वाकावे आणि वजन अंगालगत धरावे. ओझे हातात असताना कंबरेत पिळू नये, पाय वळवावेत. युरियाचे पोते आता ५० ऐवजी ४५ किलोचे झाले असले, तरी दोघांनी धरले तर कमीपणा नाही. चार तास ट्रॅक्टर चालवून उतरल्या उतरल्या ओझ्याला हात घालू नये. आधी दहा पावले चालावे.

शेवटी टोळीविषयी. आपल्या कंबरेची आपण चौकशी करतो. पण मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढणाऱ्या बाईची कंबर कोण विचारतो? आपल्या फडातील कोणाला वर सांगितलेल्यांपैकी एखादे लक्षण दिसले, तर तोडणी एक दिवस मागे पडली तरी चालेल, त्यांना दवाखान्यात पोचवावे. ऊस चार दिवस उभा राहू शकतो. माणूस एकदा आडवा झाला की त्याला उभे करणे सोपे नसते.